आई मागून येतेय

चावीबाई कुठेही आत शिरली की हातातलं दार लगेच सोडत नाही. दुकान असो, दवाखाना असो, टपाल कचेरी असो. स्वतः आत जायचं, दाराला हात लावून थोडं थांबायचं, मागून कुणी येत असेल त्याला वाट द्यायची, आणि मग हळूच दार सोडायचं. मागून कुणीच येत नसतं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला हे आता पाठ झालंय.

"आली का तुमची पाहुणी?" तो गल्ल्यावरून ओरडतो. "मग लावा दार, धूळ येते."

"आली, आली," चावीबाई म्हणते आणि खोकल्याचं औषध मागते.

घरातही तीच तऱ्हा. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत बाहेरच्या दाराची कडी काढलेली. सून वैतागते.

"आई, चोरांनी निदान कडी तरी वाजवावी! एवढी सोय नका हो करू त्यांची."

"दारं लावायचं काम मी आयुष्यभर केलं गं. आता तू लाव."

सुनेला वाटतं, सासूबाई विनोद करतात. पण त्यात विनोदाचा भाग थोडाच. नोकरीची सगळी वर्षं चावीबाईने बायकांच्या तुरुंगात शिपाईबाई म्हणून काढली. उंची बरी होती, आवाज खणखणीत होता, एवढ्यावर तिला तिथे घेतलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला आणि नाव कायमचं मागे पडलं. बराकीतल्या बायका, कचेरीतले कारकून, अगदी मोठ्या साहेबबाईसुद्धा तिला चावीबाईच म्हणत.

तुरुंगात आईबरोबर लहान मुलंही राहतात, हे बाहेरच्या पुष्कळांच्या गावीही नसतं. आईला शिक्षा झाली आणि घरी मागे सांभाळणारं कुणी नसलं की अंगावरचं मूल तिच्याबरोबर आत येतं. काही तर आतच जन्मतात. गुन्हा एकीचा आणि भिंत दोघींना. सहा वर्षं पुरी झाली की मात्र मुलाला आत ठेवता येत नाही. मग ते तुरुंगाच्याच रस्त्याला, इस्त्रीवाल्याच्या आणि सायकलींच्या दुकानापलीकडे असलेल्या बालगृहात जातं. मूल काही कैदी नाही, म्हणून त्याला गाडीत घालून न्यायचं नाही. साधे कपडे घालून, बोट धरून चालत न्यायचं. हे काम चावीबाईच्या वाट्याला आलं. मुलं तिला ओळखत. रात्री बराकीतून ती किल्ल्या मुठीत धरून चालायची, म्हणजे झोपलेलं लेकरू दचकायला नको.

आत वाढलेली ही मुलं वेगळीच असतात. लांबचं बघायची सवय नसते त्यांना, नजर भिंतीवर आपटून परत यायला शिकलेली. पहिल्यांदा बाहेर आलेलं मूल सरळ रस्त्याकडे बघतं आणि डोळे बारीक करतं. कुत्रं बघून किंचाळतं. आणि दारासमोर आलं की थांबतं. दार बंद असो की सताड उघडं, ते थांबतंच. दार आपण उघडायचं असतं, आपल्याला त्यातून आपल्या मनाने जाता येतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

पहिल्या मुलीला बाहेर नेलं तेव्हा चावीबाई नोकरीत नवीन होती. आधीच्या म्हाताऱ्या शिपाईबाईने तिला कानमंत्र दिला होता.

"फाटकातून पाय बाहेर पडला की पोरं आडवी पडतात. ओढत न्यावं लागतं, लोक बघतात, आपली शोभा होते. त्यापेक्षा सांगायचं, आई मागून येतेय. बास. गुमान चालतात. दोन दिवस रडतील, मग विसरतील."

"आणि भेटायला आणायचं कधी?"

"कशाला? भरत आलेली जखम परत उकरायला?"

त्या मुलीच्या पायात आईच्या चपला होत्या. तुरुंगात मुलांच्या मापाची चप्पल मिळत नसे. चालताना टाच सुटायची आणि चप्पल जमिनीवर आपटायची. फट्... फट्... चावीबाई म्हणाली, "चल बाळा, आई मागून येतेय." पोर खरंच गुमान चालली. फक्त दर चार पावलांनी मागे वळून बघायची. बालगृहाच्या आत गेली तेव्हासुद्धा तिचं तोंड रस्त्याकडे होतं.

पुढे केव्हातरी बाजारात बालगृहाची स्वयंपाकीणबाई भेटली. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग म्हणाली, "तुमची ती मोठ्या चपलांची पोरगी गेली हो."

"कुठे गेली?"

"गेली म्हणजे गेली. थंडीत छाती भरली. रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभी राहायची. उचलून आत आणायचो, परत जायची. म्हणायची, आई येतेय मागून, ती आली तर दार कोण उघडणार? आईला दार उघडता येत नाही."

चावीबाईच्या हातातली पिशवी तिथेच राहिली. ती घरी कशी आली तिला आठवत नाही.

त्या आईला बातमी सांगायचं कामही तिच्याकडेच आलं. ती बाई रडली नाही की ओरडली नाही. एवढंच झालं की त्या दिवसापासून कैद्यांच्या मोजणीला ती रांगेत उभी राहिली की उजव्या हाताला एका लहान मुलाएवढी जागा सोडून उभी राहायची. सकाळ-संध्याकाळ, सुटेपर्यंत. रांग सरळ करणं हे चावीबाईचं काम. "सरक, जवळ सरक" असं ती इतर सगळ्या बायकांना ओरडायची. त्या जागेपाशी आली की पुढच्या बाईकडे वळायची.

चपलांचा आवाज तेव्हापासून सुरू झाला. कामावरून परतताना, इस्त्रीवाल्याच्या दुकानापासून पुढे, पाठीमागे. फट्... फट्... वळून बघावं तर रिकामा रस्ता. तिने कुणाला सांगितलं नाही. एकदा बोलता बोलता सुनेपाशी निघून गेलं तर ती म्हणाली, "कान दाखवून घ्या आई." चावीबाई म्हणाली, "कान चांगले आहेत गं, तीच तर पंचाईत आहे." देवापुढे बसली की ती घरातल्या सगळ्यांसाठी सगळं मागायची आणि शेवटी हात जोडून नुसती गप्प राहायची. त्या गप्प राहण्यात काय मागणं होतं ते तिलाही धड सांगता आलं नसतं. आवाज थांबावा असं मात्र तिने कधी मागितलं नाही. तेवढं मागायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटायचं.

त्यानंतरही तिने मुलं नेली. "आई मागून येतेय" हे म्हणायचं तिने सोडलं, पण दुसरं काय म्हणायचं ते सुचलं नाही. मग ती काहीच बोलायची नाही. मुलं स्वतःच विचारायची, "आई येतेय ना?" आणि तिचं गप्प राहणं त्यांना होकारच वाटायचा.

निवृत्तीला थोडे महिने राहिले तेव्हा बराकीत घंटी होती. घंटी म्हणजे शिवणकामाच्या खोलीत मशीन चालवणाऱ्या एका बाईची मुलगी. टाळूला जीभ लावून तुरुंगाची घंटा ही पोर अशी हुबेहूब वाजवायची, की एकदा भर दुपारी सगळी बराक रांग लावून उभी राहिली. तपासणीला आलेल्या साहेबबाई खूश झाल्या, म्हणाल्या, "वा, शिस्त बरी आहे तुमच्याकडे!" घंटी खांबामागे लपून तोंड दाबून हसत होती.

तिचा खेळही एकच. मोजणी. चिंध्यांच्या बाहुल्या, वाट्या, चमचे, बायकांच्या चपला, जे सापडेल ते रांगेत मांडायचं आणि बोट रोखून मोजायचं. बायकांनाही मोजायची.

"स्वतःला विसरलीस की गं," चावीबाई एकदा म्हणाली.

घंटीने कमरेवर हात ठेवले, अगदी चावीबाईसारखे. "मोजणारा स्वतःला मोजत नाही. तू मोजतेस?"

"नाही बाई. चुकलं माझं."

तिला सहावं संपत आलं होतं.

त्याच सुमारास कचेरीत नव्या समुपदेशक मॅडम रुजू झाल्या. वयाने लहान, बोलायला गोड आणि प्रश्न विचारण्यात एकदम पटाईत. बायकांनी त्यांचं नाव प्रश्नमॅडम ठेवलं. एका दुपारी त्यांनी सगळ्या शिपाईबायांना सभागृहात बसवलं. मुलांच्या हक्कांबद्दल जगातल्या देशांनी मिळून एक करार केलाय, त्याची माहिती द्यायची होती. जेवणं झालेली, डोक्यावर पंखा, निम्म्या जणींचे डोळे मिटत चाललेले.

"जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी या करारावर सही केली आहे," मॅडम म्हणाल्या.

"सही करायला काय जातंय," शेजारची शिपाईबाई चावीबाईच्या कानाशी कुजबुजली. "शाई सरकारची."

चावीबाईला हसू आलं. पण मॅडम पुढे वाचत गेल्या आणि तिचं हसू जिरलं. मूल आईबापांपासून वेगळं करावं लागलं, तरी त्यांना नियमित भेटण्याचा त्याचा हक्क राहतो. भेटीने त्याचं नुकसानच होणार असेल तर गोष्ट वेगळी. आई कुठे आहे, हे त्याला सांगितलं पाहिजे. आणि त्याच्याबद्दल काही ठरवायचं असेल तर त्याला विचारलं पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. लहान असलं तरी.

चावीबाईने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

"मॅडम, हे कधीचं आहे?"

"काय?"

"हा करार. आत्ता नवीन झाला का?"

"नाही हो, जुना आहे." मॅडमनी साल सांगितलं. आपल्या सरकारने सही केली तेही साल सांगितलं.

चावीबाईने मनात हिशेब केला. मोठ्या चपलांची पोर त्याच्यानंतर जन्मली होती. म्हणजे ती पोटातही नव्हती तेव्हाच कुठल्यातरी मोठ्या दालनात मोठी माणसं जमली होती, आईला भेटायचा तिचा हक्क त्यांनी लिहून ठेवला होता, खाली सह्या केल्या होत्या. तो कागद जगभर फिरला. आणि त्याच देशात, त्याच रस्त्याने, ती त्या पोरीचं बोट धरून सांगत होती, आई मागून येतेय. पंख्याखाली तिला घाम फुटला. शेजारची म्हणाली, "काय झालं हो? पाणी आणू?"

दुसऱ्या दिवशी ती शिवणखोलीत गेली. घंटीची आई मशीनवर होती. बारीक चणीची बाई, शब्द मोजून वापरणारी. शिक्षा लांबलचक होती. पोर मोठी होऊन लग्नाला येईल तोवर आईची सुटका नव्हती.

"तिला सांगितलंस का?" चावीबाईने विचारलं.

मशीन थांबलं नाही. "तुम्ही सांगाल ना. नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे?"

"आई मागून येतेय." आता मशीन थांबलं. "मला सगळ्याजणींनी सांगितलंय. तुमच्या तोंडून आलं की पोरं ऐकतात."

"मी आता तसं सांगत नाही."

"का?"

चावीबाईला कारण सांगायचं होतं. पण ज्या बाईची मुलगी दहा दिवसांनी जाणार तिला त्या दुसऱ्या मुलीचं काय सांगायचं? ती एवढंच म्हणाली, "मुलाला खरं सांगावं असा नियम आहे."

घंटीच्या आईच्या डोळ्यांत अंगार उतरला. "नियम! बाई, तुमचं कागदावरचं खरं माझ्या लेकीच्या गळ्यात कशाला बांधता? ती मला एक रात्र सोडून झोपलेली नाही. खरं ऐकून ती फाटकाच्या बाहेर पाऊल टाकेल का? मला तिचं रडणं ऐकत ऐकत आत यायचंय. तुम्हाला नाही."

"मी दर आठवड्याला तिला भेटीला आणीन."

"आणि दर आठवड्याला परत नेणार. म्हणजे दर आठवड्याला तेच." तिने मशीनचं चाक जोरात फिरवलं. "दोरा गुंततोय माझा, जा तुम्ही."

दोरा काही गुंतत नव्हता. चावीबाई गेली.

प्रश्नमॅडमनी मात्र घंटीला बोलावलं, नियमाप्रमाणे. समोर रंगीत खडू ठेवले. चावीबाई दाराशी उभी होती.

"बाळा, तू आता मोठी झालीस ना? एका छान घरात जायचंय तुला. तिथे मुलं आहेत, झोपाळा आहे, शाळा आहे. तुला काय वाटतं? आवडेल?"

घंटी खडूंची रांग लावत होती. बोट रोखून त्यांना मोजत होती.

"तिथे मोजणी असते?"

मॅडम हसल्या. "नाही गं, तिथे कसली मोजणी! तो काही तुरुंग नाही."

घंटीचं बोट थांबलं. "मग मला कोण मोजणार?"

"म्हणजे?"

"मोजणीत कुणी कमी पडलं की शिट्टी होते. मग सगळे शोधतात. परवा म्हातारी आजी न्हाणीघरात झोपली होती, तर शिट्टी झाली आणि सापडली." ती मॅडमकडे बघत राहिली. "तिथे मोजतच नसतील तर मी हरवले हे कळणार कसं?"

मॅडमनी चावीबाईकडे पाहिलं. चावीबाई दाराची चौकट धरून उभी होती. तिच्या डोळ्यांपुढे रांगेतली ती रिकामी जागा आली. मोजणीत कमी पडलेली एक मुलगी, आणि तिच्यासाठी कधीच न वाजलेली शिट्टी.

जायचा दिवस उजाडला. बराकीतल्या बायकांनी घंटीचे केस विंचरले, गालावर पावडर थापली, कुणी रुमाल दिला, कुणी पेन्सिल. चावीबाईने स्वतःच्या पैशांनी मापाची चप्पल आणली होती. घंटीला ती आवडली नाही.

"वाजत नाही ही."

"नाही वाजत तेच बरं," चावीबाई म्हणाली.

आतल्या फाटकापर्यंत आईला येता येत होतं. आई गुडघ्यावर बसली. मुलीच्या झग्याचं वरचं बटण तिने लावलं, काढलं, परत लावलं. चावीबाई वाट बघत होती. तिला आशा होती की आईच सांगेल. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"तू पुढे हो," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम हलका आणि रोजच्यासारखा होता, तो तसा ठेवण्यातच तिची सगळी ताकद गेली असणार. "मी मागून येतेच."

चावीबाईने डोळे मिटले. फाटक उघडलं, बंद झालं. मोठं फाटक उघडलं, बंद झालं.

बाहेर आल्यावर घंटी थबकली. डोळे बारीक करून तिने रस्त्याकडे पाहिलं.

"भिंत कुठे गेली?"

"संपली."

"संपते होय ती?"

ती चालायला लागली. बोट घट्ट धरून. चार पावलं चालली आणि मागे वळली.

"आली?"

चावीबाई काही बोलली नाही. आणखी चार पावलं.

"आली का गं?"

नवीन चपलांचा आवाज होत नव्हता, पण चावीबाईच्या पाठीमागे दुसऱ्या चपला वाजत होत्या. फट्... फट्... इस्त्रीवाल्याचं दुकान आलं. ओल्या कापडाचा आणि कोळशाचा वास आला. त्या वेळीही इथेच असाच वास होता. त्या वेळी चावीबाई इथूनच पुढे गेली होती. एक शब्द न बोलता पुढे जाणं किती सोपं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पोर गुमान चालत होती. आईनेच सांगितलं होतं. आता तर चावीबाईच्या अंगावर दोषही येणार नव्हता.

ती दुकानाच्या पायरीवर बसली. घंटीला समोर उभं केलं.

"घंटी, आई मागून येत नाहीये."

"येतेय. ती म्हणाली."

"ती तसं म्हणाली, कारण तुला रडू आलं असतं. तिला बाहेर सोडत नाहीत. ती आतच राहणार. खूप वर्षं."

घंटीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. रडली नाही. बोट सोडवून घेतलं आणि मागे फिरून पळत सुटली. इस्त्रीवाला ओरडला, "अहो, पोरगी!" पण चावीबाई धावली नाही. ती कुठे जाणार ते तिला माहीत होतं.

मोठ्या फाटकासमोर घंटी उभी होती. ठोठावत नव्हती, हाक मारत नव्हती. दार उघडायची वाट बघत, हात खाली सोडून नुसती उभी. बालगृहाच्या फाटकाशी त्या दुसरीला चावीबाईने कधी पाहिलं नव्हतं. ती कशी उभी राहत असेल ते तिला आज दिसलं.

तिने फाटकाची कडी वाजवली. झरोका सरकला. पहारेकऱ्याने डोळा लावला.

"काय हो चावीबाई, परत?"

"भेटीला आलोय. हिच्या आईला जाळीपाशी बोलव."

"आत्ता तर गेली!"

"गेली म्हणजे बाहेरची झाली. बाहेरच्याला आठवड्याला एक भेट असते ना? हा आठवडा आजपासून."

"वरून विचारावं लागेल."

"विचार. प्रश्नमॅडमना विचार. साहेबबाईंना विचार. मॅडमनी कचेरीच्या भिंतीवर मुलांच्या हक्कांचा करार लावलाय, तोही वाच. मी इथून हलत नाही. निवृत्तीला आले आहे, मला कुठली घाई?"

पहारेकरी पुटपुटत गेला. वेळ लागला. उन्हात दोघी उभ्या राहिल्या. मग दार उघडलं.

जाळीपलीकडे आई आली ती धावतच. आधी तिने चावीबाईकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर मान खाली घातली असती. मग मुलीकडे पाहिलं.

"तू येणार नाहीस?" घंटीने विचारलं.

आईने जाळीत बोटं अडकवली. चावीबाई गप्प राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिचं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हता.

"नाही," आई म्हणाली. "मी खोटं बोलले. मला येता येत नाही, बाळा."

तेव्हा घंटी रडली. भिंतीपलीकडे बराकीत ऐकू जाईल अशी रडली. आईही रडली. पहारेकऱ्याने घड्याळात पाहिलं आणि मग बुटाच्या नाडीशी चाळा करत बसला. रडून रडून आवाज बसला तेव्हा घंटीने शेवटचं विचारलं.

"मग मला कोण मोजणार?"

"मी मोजीन," आई म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. रांगेत माझ्या शेजारी तुझी जागा ठेवीन. आणि ही बाई तुला दर आठवड्याला आणेल, तेव्हा बघीन आकडा जुळतोय का ते. आणाल ना हो?"

"आणीन," चावीबाई म्हणाली.

हा शब्द तिने निवृत्तीनंतरही पाळला. औषधवाल्याकडून बालगृहातल्या मुलांसाठी खोकल्याचं औषध नेते ती याच वाटेवर जाताना. पण ते पुढचं. त्या दिवशी दोघी परत रस्त्यावर आल्या तेव्हा घंटीने बोट धरलं नाही.

"तू माझ्या मागून चाल," ती म्हणाली.

"का गं?"

"म्हणजे मागे बघितलं की कुणीतरी असेल."

चावीबाई मागे राहिली. पोर पुढे चालली. चार पावलं झाली की वळायची, बोट रोखायची, म्हणायची, "एक." आणि पुढे जायची. इस्त्रीवाल्याने विचारलं, "सापडली?" चावीबाईने मान हलवली. सायकलींचं दुकान गेलं. बालगृह आलं. त्याचं फाटक उघडंच होतं आणि घंटी त्याच्यासमोर थांबली होती. तिथून ती शेवटची वळली. बोट चावीबाईवर आलं.

"एक."

मग बोट थोडं बाजूला सरकलं, थोडं खाली आलं, तिच्या स्वतःच्या उंचीएवढं.

"दोन."

चावीबाईने तिच्या बोटाकडे पाहिलं. "स्वतःला मोजायला लागलीस होय?"

"नाही," घंटी म्हणाली. "मोजणारा स्वतःला मोजत नाही."

चावीबाईने मागे वळून पाहिलं नाही. "फाटक उघडंच आहे," ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण तिला तो ओळखू आला नाही. "जा. आपलं आपण जायचं असतं."

घंटीने आधी एक पाय उंबऱ्यापलीकडे ठेवून पाहिला. मग दुसरा. चावीबाई तिच्या मागून आत शिरली आणि फाटकाला हात लावून थोडी थांबली, मागून कुणी येत असेल त्याला वाट देत. मग तिने ते हळूच सोडलं.